तारीख असलेलं वाक्य

हवामानबदलाचा विषय निघाला की आपल्याकडच्या साहित्यचर्चेत हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. जगभर या विषयावर कादंबऱ्या येत आहेत, मराठीत मात्र त्याचा मागमूस नाही. आपला लेखक अजून पावसाच्या आठवणींत आणि रानातल्या भटकंतीत रमलेला आहे. परिसंवादात कुणीतरी हे बोलतं, व्यासपीठावरचे माना डोलावतात आणि चर्चा साहित्यिकाच्या जबाबदारीपाशी येऊन थांबते. बोलणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. तरीही ही तक्रार मला उथळ वाटते, कारण हवामान कशाला म्हणतात आणि ते पुस्तकात कुठल्या वाटेनं येतं याचा विचारच तिनं केलेला नाही.

तिच्या पोटात एक प्रतवारी दडलेली आहे. पूर, वादळं, होरपळलेली शहरं, देशोधडीला लागलेली माणसं यांविषयी बोलतं आणि वाचकाला गदागदा हलवतं ते हवामानबदलाचं पुस्तक. झाडं, पाखरं, ऋतू यांविषयी बोलतं ते निसर्गाचं पुस्तक. पहिलं काळाची गरज म्हणून मानाचं, दुसरं फावल्या वेळचं. ही प्रतवारी उलटी आहे असं माझं म्हणणं आहे. ज्यांत हवामानबदल हा शब्दही नाही अशी काही जुनी पुस्तकं या विषयावरची सर्वांत भरवशाची पुस्तकं ठरली आहेत. आणि या विषयावरच बेतलेली कित्येक पुस्तकं दहा वर्षांत शिळी होतात.

इशारा देणाऱ्या पुस्तकांची परंपरा वाचकांना ठाऊक आहे. रॅचेल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ सालचं, बिल मॅकिबेनचं 'द एंड ऑफ नेचर' १९८९चं, डेव्हिड वॉलेस-वेल्सचं 'द अनइनहॅबिटेबल अर्थ' २०१९चं. त्यांचं मोल मी नाकारत नाही. पण 'सायलेंट स्प्रिंग' आपल्या लक्षात राहतं ते पहिल्या प्रकरणासाठी, पाखरांचे आवाज थांबलेल्या त्या काल्पनिक गावासाठी. रसायनं बनवणाऱ्या मॉन्सँटो कंपनीनं विडंबन छापलं तेही त्याच प्रकरणाचं, कारण कल्पनेला कल्पनेनं उत्तर देता येतं. पुस्तक टिकलं ते पुढच्या प्रकरणांच्या जोरावर. तिथं चार्ल्स ब्रोली नावाचा एक निवृत्त बँकवाला आहे. १९३९पासून तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उंच झाडांवर चढून गरुडाच्या पिल्लांच्या पायांत वळी अडकवत होता. कुठल्या वर्षी किती घरट्यांत पिल्लं निघाली हे त्याच्याकडे लिहिलेलं होतं, म्हणून १९४७पासून पिल्लं घटत चालल्याचं त्याच्या ध्यानात आलं. ब्रोलीनं हे काम रसायनांचा माग काढायला सुरू केलं नव्हतं. त्याच्या नोंदींत डीडीटी हे कीटकनाशक बाजारात येण्याच्या आधीची वर्षं होती, हेच त्यांचं बळ. कार्सनचा इशारा उभा आहे तो अशा माणसांच्या वह्यांवर.

आता ज्या मताच्या आधारानं आपल्याकडची तक्रार चालते त्याकडे वळतो. ते मत अमिताव घोष यांचं आहे आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण ते एका मोठ्या कादंबरीकाराचं आहे आणि मराठीत ते जवळजवळ बिनविरोध मान्य झालेलं आहे. २०१५ साली शिकागो विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांतून त्यांचं 'द ग्रेट डिरेंजमेंट' हे पुस्तक आकाराला आलं आणि २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. आधुनिक कादंबरी जन्मली तीच मुळी रोजच्या, संभाव्य, संथ जगण्याचं चित्र काढण्यासाठी. अकल्पित, प्रचंड, अचानक घडणारं जे जे आहे ते तिनं उंबऱ्याबाहेर ठेवलं. म्हणून गंभीर कादंबरीत हवामानाचं संकट शिरलं की ती विज्ञानकथेच्या आळीत ढकलली जाते. घोष स्वतःचा दाखला देतात: १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत चक्रवात आला, ते त्यात सापडले, थोडक्यात वाचले, आणि पुढे कितीही प्रयत्न केला तरी तो प्रसंग त्यांना कादंबरीत घालता आला नाही.

प्रसंग विलक्षण आहे आणि सांगण्याची हातोटीही. पण त्यावर उभ्या केलेल्या सिद्धांताचा पायाच मला चुकलेला वाटतो. चक्रवात, महापूर, वादळ या घटना आहेत. हवामान म्हणजे घटना नव्हे, एखाद्या जागी वर्षानुवर्षं सहसा जे घडतं त्याचं नाव हवामान. जागतिक हवामान संघटना त्यासाठी तीस वर्षांची सरासरी धरते. बदलते आहे ती ही सरासरी, म्हणजे नेहमीचं आयुष्य. रात्री पूर्वीइतक्या गार होत नाहीत, धुकं भलत्या वेळी पडतं, विहीर महिनाभर आधी तळ दाखवते, मोहोर येतो आणि पुन्हा येतो. यातल्या कशालाही नाट्य नाही. कादंबरी रोजच्या बारीकसारीक गोष्टींत गुंतून पडली म्हणून तिला हवामान दिसलं नाही, असं घोष म्हणतात. मला वाटतं, हवामान दिसण्याची जी एकुलती एक जागा आहे तिथंच कादंबरी उभी होती. तुळईला टांगलेलं कणसांचं बियाणं, घोंगडी कधी बाहेर निघाली, पाण्याला बाया किती लांब जात होत्या, कुठल्या महिन्यात पाहुण्याला ताक देता आलं नाही, हे सगळं समीक्षकांच्या लेखी कथानकाच्या मधलं भरताड असतं. बदल मोजायला लागणारा माल हाच आहे.

यावर घोष यांच्या बाजूनं म्हणता येईल की अकल्पित घटनाच आता वारंवार घडू लागल्या आहेत, तेव्हा त्यांचीच गोष्ट सांगायला हवी. हे म्हणणं मी उडवून लावत नाही. पण 'वारंवार' हे कळतं कशावरून? २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर. त्या दिवसाच्या हालांवर कथा लिहिल्या गेल्या, चित्रपट निघाले. पण तो पाऊस अपवादाचा होता की येऊ घातलेल्या दिवसांचा नमुना होता, हे यातलं काहीही सांगू शकत नाही. ते सांगते फक्त मागची पावसाची वही, ज्यात हजारो पानं कंटाळवाण्या, साध्यासुध्या पावसाची आहेत. अकल्पित ओळखायला कल्पित लिहून ठेवलेलं असावं लागतं. घोष यांची मांडणी या पायरीवरून उडी मारून पुढं जाते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या मराठी अनुयायांनी तरी ध्यानात घ्यायला हवी होती. गंभीर कादंबरीनं निसर्गाचा फटका उंबऱ्याबाहेर ठेवला, हे युरोपच्या मध्यमवर्गीय कादंबरीबद्दल कदाचित खरं असेल. माणदेशाबद्दल नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची; तिच्यात पाऊस दगा देतो आणि धनगरांचं अख्खं गाव मेंढरांसकट उठून चालू लागतं. ती कादंबरी कुणी विज्ञानकथेच्या आळीत नेऊन ठेवली नाही. मराठी वाचकाला ती पहिल्या दिवसापासून वास्तव वाटली, कारण दुष्काळ हा इथल्या रोजच्या जगण्याचाच एक भाग होता. मग मराठीत हवामान नाही ही तक्रार कुठून आली? बाहेरून आलेल्या मोजपट्टीनं आपलं कपाट मोजलं, त्यातून आली.

या वादातली बाकीची मतं मला फार वेळ देण्याजोगी वाटत नाहीत. पुस्तकांनी काही होत नाही, कृती हवी, असं म्हणणाऱ्यांनी कृती कशावरून ठरते ते सांगावं. तंत्रज्ञान यातून मार्ग काढेल म्हणणाऱ्यांना पुस्तकांशी कर्तव्य नाही, तेव्हा त्यांच्याशी इथं वाद नाही. आणि निसर्गलेखन हा सुखवस्तू शहरी माणसांचा छंद आहे असं म्हणणाऱ्यांनी वनाधिकारी मारुती चितमपल्लींची पुस्तकं उघडलेलीच नसावीत.

जुनं, निरुपद्रवी वाटणारं लेखन हवामानाचा साक्षीदार कसं होतं, हे एका उदाहरणानं सांगतो. हेन्री डेव्हिड थोरो आपल्याला माहीत आहे तो 'वॉल्डन'चा, १८५४ सालच्या त्या चिंतनपर पुस्तकाचा, आणि गांधीजींमुळे सविनय कायदेभंगाचा. हाच माणूस १८५०च्या दशकात कॉन्कॉर्ड गावाच्या शिवारात रोज मैलोन्‌मैल हिंडून कुठलं फूल कुठल्या तारखेला उमललं ते टिपत होता. शेकडो जातींचे तक्ते त्यानं केले. १८६२ साली तो गेला. अभ्यासक त्याच्या विचारांवर ग्रंथ लिहीत राहिले. तक्ते कुणाला काव्यमय वाटले नाहीत, तत्त्वचिंतनही वाटले नाहीत, म्हणून पडून राहिले. गावातल्याच आल्फ्रेड हॉस्मर नावाच्या दुकानदारानं मात्र पुढं कित्येक वर्षं तशाच नोंदी ठेवल्या. या एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे विद्यार्थी ते तक्ते घेऊन त्याच शिवारात गेले. फुलं थोरोच्या काळापेक्षा सरासरी आठवडाभर आधी उमलत होती, आणि कित्येक जाती गावातून नाहीशा झालेल्या होत्या. प्रायमॅक यांचं 'वॉल्डन वॉर्मिंग' हे पुस्तक २०१४ साली आलं. दीडशे वर्षांत थोरोच्या सगळ्या लेखनातून हवामानबदलाविषयी जे थेट बोललं ते त्याचं एकही सुभाषित नव्हतं. ते तारखांचे तक्ते होते.

जपानमध्ये याहून लांबचा पल्ला आहे. क्योटोतल्या चेरीच्या बहराच्या तारखा राजांच्या, सरदारांच्या, भिक्षूंच्या रोजनिश्यांतून नवव्या शतकापर्यंत मागं नेता येतात. २०२१ साली तो बहर २६ मार्चला आला, तेव्हा बाराशे वर्षांत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता असं सांगता आलं. त्या दरबारी मंडळींना ऋतूचं कौतुक होतं, सोहळा करायचा होता. सोहळ्याची तारीख लिहायची शिस्त होती, एवढंच.

इथं मला हवा असलेला भेद हाताशी येतो. निसर्गाचं पुस्तक आणि हवामानबदलाचं पुस्तक हा भेद फसवा आहे. इशारा देणारं आणि नोंद करणारं हा त्याहून बरा, पण तोही पुरता नाही, कारण कार्सनसारखी माणसं दोन्ही करतात. खरा भेद वाक्या-वाक्यांत आहे: तारीख असलेलं वाक्य आणि तारीख नसलेलं वाक्य. 'फाल्गुनात पांगारा पेटतो' हे तारीख नसलेलं वाक्य. अमुक गावच्या अमुक पाणंदीतला पांगारा अमुक साली अमुक दिवशी फुललेला पाहिला, हे तारीख असलेलं वाक्य. पहिलं वाक्य कधीच खोटं ठरत नाही, म्हणून ते कधी साक्षही देऊ शकत नाही. दुसरं तपासता येतं. शंभर वर्षांनी कुणी त्या पाणंदीत जाऊन उभा राहू शकतो.

तारखेचा एवढा आग्रह का, याचं उत्तर मुंबईच्याच एका कथेत आहे. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर मोठं चक्रीवादळ आलं आणि लाखभर माणसं मेली, असं जगभरच्या अनेक याद्यांतून आणि पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापलं जात होतं. अलीकडे हवामानशास्त्रज्ञांनी त्या काळची कागदपत्रं तपासली, तेव्हा असं वादळ झालंच नव्हतं हे स्पष्ट झालं. ही बातमी इतकी वर्षं टिकली, पण शेवटी पकडली गेली ती तिला तारीख चिकटलेली होती म्हणून. 'मुंबईला पूर्वी भयानक वादळं यायची' असं वाक्य असतं तर ते आजही निर्वेध फिरत राहिलं असतं, आणि कदाचित आपल्या एखाद्या कळकळीच्या लेखात सामीलही झालं असतं.

या कसोटीवर मराठी निसर्गलेखन कसं उतरतं? मिश्र, असं मला प्रामाणिकपणे म्हणावं लागेल. आणि सुरुवात आपल्या सर्वांत लाडक्या पुस्तकापासून करावी लागेल.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ सालचं. बारा मराठी महिन्यांवरचं हे लेखन मराठी गद्याच्या शिखरांपैकी एक आहे. झाडाच्या एकेका पानाचा रंग दिवसागणिक कसा पालटतो हे इतक्या लालित्यानं आणि इतक्या बारकाईनं मराठीत त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. पण ज्या कसोटीबद्दल मी बोलतो आहे तिच्यापुढे हे पुस्तक अडतं. त्यात महिना आहे, साल सहसा नाही. आणि महिना चांद्र आहे. २०२३ साली चैत्राची सुरुवात २२ मार्चला झाली, २०२४ साली ९ एप्रिलला. लागोपाठच्या दोन वर्षांत अठरा दिवसांचा फरक. कॉन्कॉर्डला दीडशे वर्षांत पडलेला फरक आठवड्याचा. म्हणजे चैत्रात अमुक झाडाला पालवी फुटते या वाक्याच्या पोटात असे दीडशे वर्षांचे दोन-अडीच बदल सहज लपून जातील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. आपल्याला ऋतू कळतात ते सणांच्या महिन्यांतून, आणि सणांचे महिने अधिकमासापर्यंत घसरत जाऊन पुन्हा मूळ जागी ओढले जातात.

शेतकऱ्यानं मात्र पावसाचा हिशेब कधीच चांद्र महिन्यांवर सोपवला नाही. तो नक्षत्रांवर चालतो, आणि पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. मृग ७-८ जूनला निघतं, यंदाही आणि आजोबांच्या वेळीही. मृगाचा पाऊस कधी पडला, आर्द्रा कोरड्या गेल्या का, हस्ताचा पडला का, या बोलण्यात तारीख आपोआप शिरते. 'यंदा मृग कोरडा गेला' हे खेडूत वाक्य, साल जोडलं तर, साहित्यातल्या पानभर ऋतुवर्णनापेक्षा हवामानाच्या अभ्यासाला जास्त उपयोगाचं आहे. हे मी दुर्गाबाईंना उणं करण्यासाठी म्हणत नाही. त्यांच्या नजरेला या हिशेबाची जोड मिळाली असती तर आज आपल्या हातात काय असतं, याची मला हळहळ आहे.

तशी जोड मिळालेलं एक पुस्तक आहे, आणि योगायोगानं तेही महिन्यांच्या क्रमानं लिहिलेलं आहे. आल्डो लिओपोल्डचं 'अ सँड काउंटी अल्मनॅक' १९४९ साली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरानं आलं. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत विस्कॉन्सिनमधल्या एका उजाड शेताचं ते ललित वर्णन आहे. पण त्या ललित पानांच्या मागं रोजच्या नोंदींची चळत होती: कुठला पक्षी कधी परतला, कुठलं फूल कधी उमललं. त्याच्या मुलीनं, नीना लिओपोल्ड ब्रॅडली यांनी, पुढं त्याच जागी राहून त्या नोंदी चालू ठेवल्या, आणि १९९९ साली वडिलांच्या आणि आपल्या तारखा शेजारी ठेवून वसंताची कित्येक लक्षणं आधी येऊ लागल्याचं दाखवलं. तारीख लिहिली म्हणून लिओपोल्डच्या गद्याचं लालित्य कमी झालेलं नाही. वही ठेवली की ललित लेखन रुक्ष होतं, ही भीती निराधार आहे.

चितमपल्लींचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचं. त्यांनी आयुष्य वनखात्यात, कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथं काढलं. २०२५च्या जूनमध्ये ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. त्यांच्या लेखनात जागा पक्क्या आहेत. कुठल्या तळ्याच्या कुठल्या काठावर कुठला पक्षी हे वाचकाला कळतं. आदिवासींनी, कोळ्यांनी, गुराख्यांनी त्या पक्ष्याला काय नाव दिलं आहे तेही कळतं. नवेगावबांधच्या तळ्याचे त्यांनी पाहिलेले दिवस आज कुणाला पुन्हा पाहता येणार नाहीत. सारस आता महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांमध्ये मोजकाच उरला आहे. अशा वेळी चितमपल्लींचं पान साक्षीदार होतं. पण त्यांच्या लेखनात प्रत्यक्ष पाहिलेलं आणि कुणाकडून ऐकलेलं शेजारी शेजारी बसतं. कावळ्यानं कुठल्या झाडावर घरटं केलं यावरून पाऊसमान ओळखण्याची रीत दर उन्हाळ्यात त्यांच्या नावानं वर्तमानपत्रांत छापून येते. मी ती रीत खोटी आहे असं म्हणत नाही. पण एखाद्या गावात वीस उन्हाळे कावळ्याची घरटी आणि त्यापुढचा पाऊस कुणी तारखेनिशी लिहून ठेवला असता, तर आज ती रीत शास्त्र झाली असती किंवा सोडून देता आली असती. आता ती ना धड शास्त्र, ना धड गोष्ट. दरवर्षी छापायची, आणि दरवर्षी विसरायची.

सालिम अलींची शिस्त याच्या अगदी उलट टोकाची. १९३३ साली त्रावणकोर-कोचीन संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली, ठिकाणं आणि दिवस लिहून. पंचाहत्तर वर्षांनी केरळातल्या अभ्यासकांना त्याच ठिकाणी पुन्हा जाऊन तुलना करता आली. मराठी ललित निसर्गलेखनाबाबत अशी फेरपाहणी कुणी करायला निघालं तर किती पुस्तकं हाती धरता येतील, हा प्रश्न मला बेचैन करतो.

तारखेची वही आपल्याकडे नाही असं मात्र नाही. ती साहित्यिकाच्या टेबलावर नाही, एवढंच. कोकणातल्या आंबा बागायतदाराची वही उघडून पाहावी. पावसाळ्यानंतरची पालवी जून कधी झाली, थंडी कधी लागली, वरच्या सड्यावरच्या कलमांना मोहोर आधी फुटला की खालच्या, तुडतुड्यांवर पहिली फवारणी कधी, फुलकिडे कधी दिसले, पुनर्मोहोर आला का आणि त्यापायी वाटाण्याएवढी कैरी किती गळली, अवकाळी कुठल्या दिवशी पडला, पहिली तोड कधी झाली. औषधाचं नाव, मजुरी, पेट्यांचा भाव, मध्येच घरातल्या बारशाचा खर्च. बागेबद्दलचं यातलं प्रत्येक वाक्य तारखेचं आहे. याला कुणी निसर्गलेखन म्हणत नाही, पण येत्या पन्नास वर्षांत कोकणच्या हवेबद्दल काही खरं सांगायचं झालं तर या वह्यांवाचून सांगता येणार नाही. दरवर्षी वर्तमानपत्रांत वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी आल्याची बातमी असते, तीही एका अर्थी नोंदच. पण मोहोर लवकर आणणारं कल्टार हे औषध घातलेल्या बागांमुळे ती पेटी किती ऋतूची आणि किती औषधाची हे सांगता येत नाही. वहीत मात्र कल्टार कधी घातलं तेही लिहिलेलं असतं.

या वहीला आज कुठंही किंमत नाही. फळपीक विम्याचा दावा ठरतो महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यावर. ते केंद्र एका वाडीत आणि बाग डोंगराच्या पलीकडे. सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्यात एका दिवशी केवढा फरक पडतो हे पाहिल्यावर सह्याद्रीच्या उतारांवर काय होत असेल याची कल्पना करावी. यंत्रांच्या जाळ्याला माझा विरोध नाही. ती आणखी हवीत. पण यंत्र पाऊस मोजतं, मोहोर गळाला हे त्याला दिसत नाही.

सरकारी पातळीवर एक मोठी संधी आपण कशी घालवली हेही सांगायला हवं. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीनं आणि नगरपालिकेनं लोकांच्या सहभागानं जैवविविधता नोंदवही करायची आहे. या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांच्यासारख्यांची लोकांच्या जाणतेपणावरची श्रद्धा होती. पंधरा वर्षं फारसं कुणी हललं नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली, त्यापुढे दंड सांगितला, आणि कागद भराभर भरले गेले. माझ्या पाहण्यात आलेल्या नोंदवह्यांत वनस्पतींची यादी आहे, पक्ष्यांची यादी आहे, स्थानिक नावंही आहेत. पण कुणी, कुठल्या शिवारात, कुठल्या दिवशी पाहिलं, ते नाही. बारमाही ओढा आता कुठल्या महिन्यात आटतो, ते नाही. गावाची वही असायला हवी होती तिथं तारीख नसलेल्या वाक्यांचं एक बाड तयार झालं.

आपल्या आयुष्यातही नेहमीचं म्हणजे काय हे बदलतं आहे, आणि ते कागदावर यावं लागतं. मान्सूनच्या आगमनाच्या ज्या तारखा आपण शाळेत पाठ केल्या त्या १९०१ ते १९४० या काळातल्या पावसावरून ठरवलेल्या होत्या. २०२० साली भारतीय हवामान विभागानं त्या सुधारल्या. मुंबईत पाऊस सुरू होण्याची तारीख १० जूनवरून ११ जून झाली; परतीची मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर. नवरात्राआधी पाऊस संपतो हा आपल्या कित्येक कथा-कादंबऱ्यांतला गृहीत ऋतू मुंबईपुरता तरी मोडला आहे. आणि पाच वर्षांनी, २०२५ साली, मान्सून मुंबईत २६ मेलाच येऊन थडकला. या एका तारखेवरून काही सिद्ध होत नाही. ती आधीच्या आणि नंतरच्या तारखांच्या रांगेत बसेल तेव्हा बोलेल. ती रांग कुणीतरी लावावी लागते, आणि वेधशाळेपलीकडची रांग, फुलांची, किड्यांची, विहिरींची, आजारांची, ती लावणारं सरकारात कुणी नाही.

म्हणून मराठी लेखकाकडे माझी मागणी महाकादंबरीची नाही. बुडालेल्या मुंबईची कथा कुणाला सुचली तर त्यांनी जरूर लिहावी. पण जो लेखक आपल्या गावच्या ओढ्यावर, टेकडीवर, अंगणातल्या बकुळीवर लिहितो, त्यानं स्वतःला काळाच्या मागं समजू नये. त्यानं लेखाखाली साल घालावं, गावाचं नाव बदलू नये, झाड ओळखू आलं नाही तर तसं लिहावं, आणि पाहिलेलं व ऐकलेलं वेगळं ठेवावं. संपादकांनी जुने लेख पुस्तकात घेताना मूळ प्रसिद्धीची तारीख काढून टाकण्याची खोड सोडावी. ती पृष्ठसंख्या वाचवण्यासाठी काढली जाते आणि तिच्याबरोबर लेखाची साक्षही जाते. दिवंगत लेखकांच्या रोजनिश्या छापताना रोजचं हवापाणी, बागकाम, आजारपण गाळून फक्त साहित्यिक मजकूर ठेवण्याची पद्धत तर तातडीनं थांबवायला हवी. गाळलेला मजकूर कुठल्या तरी अभ्यासकाला उद्या हवा असणार आहे.

आणि वाचकांपाशी एक विनंती. तुमच्या घरात आजोबांची पावसाची वही असेल, आईनं पंचांगाच्या कडेला लिहिलेल्या तारखा असतील, बागेच्या फवारण्यांचा हिशेब असेल, तर तो रद्दीत घालू नका. पानं फोटो काढून घ्या, मूळ वही घरी ठेवा आणि प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला किंवा तालुक्याच्या वाचनालयाला द्या. देताना पहिल्या पानावर गावाचं नाव आणि वही कुणाची आहे ते लिहा.